शिल्पकलेच्या अभ्यासासाठी ठेवलेले पैसे: नेमके कशाला द्यावेत?

ओंजळ

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा धागा काढतेय.

माझे मामा शिल्पकार होते. गेल्या वर्षी गेले. मूलबाळ नव्हतं. मृत्युपत्रात दोनच गोष्टी लिहिल्या होत्या. घर विकून येतील ते पैसे ‘शिल्पकलेच्या अभ्यासासाठी’ वापरावेत, आणि स्टुडिओतल्या सामानाचं काय करायचं ते मी ठरवावं. अभ्यासासाठी म्हणजे नेमकं कशासाठी, हे त्यांना विचारायचं राहून गेलं.

रक्कम फार मोठी नाही. मुद्दल तसंच ठेवलं तर व्याजातून एका माणसाचं वर्षभराचं साधं राहणंखाणं निघेल, एवढीच. मी हिशेबाच्या कामातली. कलेचा इतिहास शिकलेली नाही. ज्यांना विचारलं त्यांनी चार सल्ले दिले: मामांच्या नावाने पुरस्कार, दरवर्षी एक व्याख्यान, त्यांच्या कामाचा मोठा सचित्र ग्रंथ, नाहीतर एखाद्या होतकरू विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती. चारही बरे वाटतात, पण एकावरही मन बसत नाही.

लहानपणी मामा मला डोळे मिटून पुतळ्यावरून हात फिरवायला लावायचे आणि विचारायचे, “हाताला काय कळलं?” पैसे कुठेही दिले तरी या प्रश्नाशी त्याचं काहीतरी नातं असावं असं वाटतं. जाणकारांनी सांगावं.

सहजच

तुमच्या भावना पोचल्या. मी तर म्हणेन पुरस्कारच द्या. दरवर्षी कार्यक्रम होतो, बातमी येते, मामांचं नाव चार लोकांच्या तोंडी राहतं. हिशेब सोपा, देखरेख कमी. तुम्हाला नोकरी सांभाळून हे करायचंय, तेव्हा झेपेल तेवढंच अंगावर घ्या.

उलटी_बाजू

ओंजळताई, मामांचा तो प्रश्न वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. प्रतिसाद लांबणार आहे.

मी अकरा वर्षं एका संग्रहालयाच्या साठवणीत शिल्पांच्या नोंदी करते. दालनात मांडलेल्या नव्हे, आत फळ्यांवर, चादरीखाली, भिंतीकडे तोंड करून ठेवलेल्या शिल्पांच्या. तिथं राहून माझं एक ठाम मत झालंय: तुमच्या पैशातून कोणाला तरी मूर्तीजवळ बसायला वेळ मिळवून द्या. शिल्पाच्या अभ्यासात सगळ्यात जास्त टंचाई कसली असेल तर ती याचीच.

चांगलं छायाचित्र हाताशी असलं की चित्राचा अभ्यास बराच पुढे जातो. शिल्पाचा अडतो. पुस्तकात शिल्पाचं एकच छायाचित्र असतं, समोरून, छान उजेडात. पाठ कोणी छापत नाही आणि तळ तर कोणी टिपतच नाही. आणि काम कसं झालं, किती वेळा दुरुस्त झालं, कशावरून ओतलं, हे सगळं पाठीवर, तळाला आणि पोकळीच्या आत लिहिलेलं असतं.

माझ्याच हातून गेलेली एक गोष्ट सांगते. दोन वर्षांपूर्वी एक प्लास्टरचा अर्धपुतळा फेरनोंदीला आला. जुन्या यादीत शेरा होता, ‘प्रतिकृती, किरकोळ’. मी आणि एका सहकाऱ्याने तो जाड गादीवर आडवा केला आणि टॉर्च तिरका धरला. कानामागच्या खोबणीत आणि कॉलरच्या आतल्या घडीत बारीक निळे कण दिसले. आधी वाटलं, कधीतरी रंगवला असेल आणि रंग उडाला असेल. पण निळा फक्त खोलगट जागांतच होता, उंचवट्यावर कुठेच नाही.

ज्यांनी साचेकाम केलंय त्यांच्या लगेच लक्षात येईल. मातीतल्या मूळ कामावर साचा घेताना पहिला पातळ थर नीळ किंवा गेरू कालवलेल्या प्लास्टरचा देतात आणि त्यावर जाड पांढरा थर चढवतात. मग आतली माती उकरून काढतात, साच्याला आतून साबण लावतात, त्यात प्लास्टर ओततात आणि ते घट्ट झालं की बाहेरचा साचा छिन्नीने फोडत जातात. फोडताना रंगीत थर दिसला की हात हलका करायचा, कारण त्याच्या लगेच खाली काम आहे. याला वेस्ट मोल्ड म्हणतात. यात माती जाते आणि साचाही जातो. हाती एकच प्रत उरते. त्या निळ्या कणांचा अर्थ एवढाच की आमच्याकडची ‘किरकोळ प्रतिकृती’ म्हणजे मातीवरून उतरलेली पहिली आणि एकमेव प्रत होती. त्यानंतर डाव्या खांद्यामागे अंगठ्याचा अख्खा ठसा सापडला, रेघा मोजता येतील इतका स्वच्छ. शिल्पकाराने ओल्या मातीत दाबलेला.

या सगळ्याला साडेतीन तास लागले. ते साडेतीन तास त्या पुतळ्याला आधीच्या कित्येक वर्षांत मिळाले नव्हते, कारण तेवढ्यासाठी कोणी कोणाला पगार देत नाही.

मोठ्या संस्थांतही हेच घडलेलं दिसतं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये ब्राँझचा एक छोटा ग्रीक घोडा आहे, १९२३ साली घेतलेला. १९६७ मध्ये त्याच संस्थेतल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने तो बनावट असल्याचं जाहीर केलं. कारण काय, तर घोड्याच्या अंगावरून जाणारी एक बारीक रेष. ती साच्याच्या जोडाची असावी आणि तसं ओतकाम प्राचीन काळी होत नव्हतं, असा तर्क. पुढे घोड्याच्या पोटातल्या गाभ्याची, म्हणजे पोकळ ओतकामासाठी आत ठेवलेल्या मातीसारख्या भरावाची, थर्मोल्युमिनसन्स चाचणी झाली. ओतताना गाभा तापतो, तेव्हा त्यातल्या खनिजांनी साठवलेली ऊर्जा निघून जाते आणि त्या दिवसापासून ती पुन्हा साठायला लागते. नमुना तापवून बाहेर पडणारा उजेड मोजला की किती काळ लोटला याचा अंदाज येतो. घोडा प्राचीन ठरला. एका रेषेवरून त्याची किंमत शून्य झाली होती आणि पोटातल्या चिमूटभर गाभ्याने ती परत दिली.

दुसरं उदाहरण मला फार जवळचं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला व्हिन्झेन्ट्स ब्रिंकमान हे म्युनिकमध्ये विद्यार्थी होते. ग्रीक संगमरवरी शिल्पांवर हत्यारांच्या कोणत्या खुणा उरल्या आहेत ते बघायला त्यांनी तिरका प्रकाश टाकणारा खास दिवा तयार केला. हत्यारांच्या खुणा फारशा सापडल्या नाहीत. दिसल्या त्या रंगांच्या खुणा. ग्रीक शिल्पं रंगवलेली असत हे अभ्यासकांना आधीपासून माहीत होतं, पण कुठे कोणता रंग, कोणती नक्षी, हे त्यांनी आणि उल्रिके कोख-ब्रिंकमान यांनी पुढे वर्षानुवर्षं शोधून रंगीत पुनर्रचना उभ्या केल्या. त्यांचं प्रदर्शन २००३ मध्ये म्युनिकमध्ये भरलं आणि मग जगभर फिरलं. त्या विद्यार्थ्याला कोणी म्हटलं असतं, “अर्जात हत्यारांच्या खुणा लिहिलंय, रंगाबद्दल लिहाल तर पुढचा हप्ता नाही,” तर? म्हणून एक कळकळीची विनंती: पैसे देताना निष्कर्ष आधी मागू नका. ‘पाहिलं, मोजलं, अपेक्षित ते सापडलं नाही’ असा अहवाल आला तरी तो स्वीकारा आणि जपून ठेवा. पुढच्याचे सहा महिने त्याने वाचतात.

पुरस्काराबद्दल सहजच यांच्याशी मी सहमत नाही. पुरस्कार मिळतो तो काम पूर्ण झालेल्या माणसाला. अभ्यास अडतो तो काम अर्ध्यावर असताना, प्रवासाला पैसे नसतात तेव्हा. व्याख्यानाचं म्हणाल तर एक तास होतो आणि विरतो. ग्रंथ करायचा तर अवश्य करा, पण पाच वर्षांनी. आधी नोंदी होऊ देत, नाहीतर समोरून काढलेल्या सुंदर छायाचित्रांचं आणखी एक पुस्तक होईल.

शिल्पकाराच्या पैशातून अभ्यास उभा राहिल्याचं मोठं उदाहरण म्हणजे हेन्री मूर. त्यांनी १९७७ मध्ये, हयात असतानाच, प्रतिष्ठान काढलं. त्याची लीड्समधली संस्था शिल्पाच्या अभ्यासालाच वाहिलेली आहे. शिल्पकारांची कागदपत्रं, पत्रं, आराखडे, ग्रंथालय हे सगळं तिथं एका ठिकाणी आहे आणि अभ्यासकांना काही काळ तिथं येऊन काम करण्यासाठी पाठ्यवृत्ती मिळते. त्या पाठ्यवृत्तीमागची कल्पना तुमच्या रकमेतही बसते. माणूस वस्तूजवळ आणि कागदाजवळ राहिला पाहिजे, त्याच्या जेवणाखाण्याची काळजी मिटली पाहिजे आणि रोज उठून कोणाला हिशेब द्यावा लागू नये.

आणखी एक. मदत फक्त पदवीवाल्यांना ठेवू नका. साचे करणारे, ओतकाम करणारे, ब्राँझवर रसायनांनी पाटीना (रंगाचा थर) चढवणारे, दगडावर पॉइंटिंगचं, म्हणजे नमुन्यावरची मापं बिंदूबिंदूने दगडावर उतरवण्याचं, काम करणारे, यांना जे माहीत आहे ते कुठेही लिहिलेलं नाही. त्यांच्याकडून ते लिहून घेणं हाही अभ्यासच आहे, आणि त्यासाठी त्यांना मानधन मिळायला हवं. चहा पाजून तासभर माहिती काढायची आणि निघून यायचं, हे बरोबर नाही.

प्रबंधवाली

उलटी_बाजू यांनी लिहिलंय ते शब्दन् शब्द भोगलंय. माझा प्रबंध ब्राँझच्या आवृत्त्यांवर आहे, म्हणजे एकाच मूळ कामावरून निघालेल्या प्रतींवर. विषय असा की एक प्रत बघून काहीच सांगता येत नाही, दोन-तीन शेजारीशेजारी मोजाव्या लागतात. ब्राँझ थंड होताना थोडं आकसतं. म्हणून एखाद्याने मूळ प्लास्टरऐवजी तयार ब्राँझवरूनच साचा घेतला तर नवी प्रत थोडी लहान निघते. हा फरक मिलिमीटरमध्ये असतो आणि कॅलिपरनेच कळतो. त्यासाठी तिथं जाऊन उभं राहावं लागतं.

फ्रेंच चित्रकार देगाचं उदाहरण मी सगळ्यांना देते. हयातीत त्याने एकच शिल्प प्रदर्शनात मांडलं, ती चौदा वर्षांची छोटी नर्तिका, १८८१ मध्ये. १९१७ मध्ये तो गेल्यावर स्टुडिओत मेणाची नि मातीची दीडशेच्या आसपास शिल्पं सापडली, बरीचशी मोडकी. त्यांतल्या काहींवरून पुढे ब्राँझ ओतले गेले आणि जगभर लोक ‘देगाचं ब्राँझ’ म्हणून बघतात ते हेच. मूळ मेणाची नर्तिका वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. तिचे एक्स-रे काढले तेव्हा दिसलं की आतल्या सांगाड्यात तारा आणि दोऱ्यांबरोबर चित्रकाराचे ब्रशही घातलेत. हाताशी होतं ते खुपसून पुढे गेलेला माणूस दिसतो त्यात. ब्राँझकडे आयुष्यभर बघितलं तरी हे कळलं नसतं.

मला स्वतःला काय नडलं ते सांगते. पाठ्यवृत्ती होती, पण तिच्यात प्रवास बसत नव्हता. एका ठिकाणी दोन दिवसांचा प्रवास करून गेले तर वस्तू पेटीत बंद, उघडायला माणूस नाही, पुढच्या महिन्यात या म्हणाले. दुसऱ्या ठिकाणी बघू दिलं, पण छायाचित्र प्रबंधात छापायचं शुल्क माझ्या महिन्याच्या खर्चाहून जास्त. शेवटी त्या प्रकरणात छायाचित्राच्या जागी मी हाताने रेखाटन केलं. तेव्हा ताई, प्रवास, पेटी उघडणाऱ्या माणसाचं मानधन आणि छायाचित्रांचं शुल्क, या तीन गोष्टींना पैसे दिलेत तर कितीतरी जणांचे अडलेले प्रबंध सुटतील. रकमा लहान असतात. वर्षाला पाच-सहा जणांना पुरतील.

त्रिमिती

मत थोडं वेगळं आहे. एका माणसाला एका मूर्तीपाशी बसवण्यापेक्षा त्रिमितीय स्कॅनिंगला पैसे द्या. फोटोग्रामेट्रीला साधा कॅमेरा नि संगणक पुरतो, शंभर-दोनशे छायाचित्रं घेतली की पूर्ण आकृती तयार. पाठ, तळ, सगळं येतं. एकदा खुलं करून ठेवलं की जगातला कोणीही घरबसल्या मोजेल. प्रबंधवालींचा प्रवासच वाचेल.

उलटी_बाजू

त्रिमिती, स्कॅनिंग हवंच, मी स्वतः करते. मूर्ती भंगली, चोरीला गेली तर तेवढंच हाती राहतं. नकलेचं मोल मी कमी लेखत नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये रोममधल्या प्राचीन ट्रेजनच्या स्तंभाची प्लास्टरची प्रत आहे, इतकी उंच की दोन तुकड्यांत उभी केलीय. एकोणिसाव्या शतकात घेतलेली. नंतर रोमच्या हवेत मूळ दगड झिजला, म्हणून आज काही तपशील मूळ स्तंभापेक्षा त्या प्रतीवर जास्त स्पष्ट दिसतात. तुमचं स्कॅन पुढे असंच कामाला येईल.

पण स्कॅनला वजन कळत नाही. ब्राँझ जाड ओतलंय की पातळ, बोटाने टिचकी मारल्यावर कुठे भरीव वाजतं आणि कुठे पोकळ, जुना सांधा नखाला लागतो का, हे कळत नाही. आणि कोणती खोबण टॉर्च धरून बघायची हे आधी माणसाला सुचावं लागतं. ते निळे कण छायाचित्रात आलेही असते, कदाचित दोन पिक्सेल. त्यांचा अर्थ लावायला साचा फोडलेला हात पाहिलेला माणूस लागला. म्हणून स्कॅन करणाऱ्याला पैसे द्या आणि त्याच्या शेजारी साचेकाम जाणणारा बसवा. दोघे मिळून एका दिवसात चार वस्तू करतील, चाळीस नाही. त्या चार मात्र पूर्ण होतील.

ओंजळ

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मोकळेपणाने कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. उलटी_बाजू, आता एक अगदी घरगुती प्रश्न. मामांच्या स्टुडिओत प्लास्टरची साठेक कामं आहेत, फळ्यांवर आणि जमिनीवर. धूळ खूप. साच्यांचे तुकडे पोत्यांत भरलेले आहेत. नातेवाईक म्हणतात, साचे टाकून दे आणि पुतळे धुऊन पुसून कुठल्यातरी शाळेला दे. मला खोली चार महिन्यांत रिकामी करायची आहे.

उलटी_बाजू

धुऊ नका! हे आधी. प्लास्टर पाणी पितं. धुळीचा रंग आत उतरतो आणि पेन्सिलने लिहिलेलं, खडूने केलेल्या खुणा, सगळं जातं. मऊ कोरड्या ब्रशने वरची धूळ झटकता येईल, पण आता तेही नको.

पोती अजिबात टाकू नका. तुकड्यांचे साचे (न फोडता सुटे करून पुन्हा वापरता येणारे) असतील तर त्यांच्या पाठीवर बहुधा आकडे असतात, कोणता तुकडा कुठे बसतो त्याचे. पूर्ण संच जुळला तर त्या कामाची दुसरी प्रत कधी निघाली, निघाली की नाही, हे कळतं. संच जुळला नाही तरी ठेवा.

काहीही हलवायच्या आधी खोलीची छायाचित्रं घ्या, दारातून, चारही कोपऱ्यांतून, प्रत्येक फळीची. काय कशाशेजारी ठेवलंय हीसुद्धा माहिती असते. शिल्पकार ब्रँकुसीने पॅरिसमधला आपला स्टुडिओ फ्रेंच सरकारला देताना तो जसाच्या तसा मांडला जावा अशी अट घातली होती, कारण त्याच्या लेखी वस्तूंमधलं अंतर हाही कामाचाच भाग होता. मामांचं तसं असेल असं नाही, पण विचारायला ते नाहीत. म्हणून टिपून ठेवायचं. मग प्रत्येक कामाला दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीवर क्रमांक (चिकटपट्टी नको, पृष्ठभाग ओढून काढते), शेजारी मोजपट्टी ठेवून समोर, पाठ, दोन्ही बाजू आणि तळ. तळासाठी दोन माणसं आणि जाड गादी लागतेच, एकट्याने उचलू नका. कागद, बिलं, पत्रं, जुनी निगेटिव्ह वेगळ्या खोक्यात, आहेत त्याच क्रमाने.

द्यायचं कुठे ते नंतर ठरेल. क्रमांक घातलेली, छायाचित्रांसह यादी असलेली साठ कामं घ्यायला संस्था तयार होते. धुतलेले साठ पुतळे कोणाला नको असतात. आणि जमलं तर मामांच्या हाताखाली काम केलेल्यांना शोधा.

प्रबंधवाली

यादी करायला हात हवे असतील तर मी येते. मानधन नको, कॅलिपर आणते.

ओंजळ

काल सुट्टी होती. भावाला घेऊन गेले. आधी दारातून आणि चारही कोपऱ्यांतून खोलीची छायाचित्रं काढली, मग फळ्यांची. मग राहवलं नाही म्हणून एकच काम खाली घेतलं, आजीचा अर्धपुतळा. गादीवर आडवा केला, टॉर्च तिरका धरला. अंबाड्याच्या मागे, पदराची घडी मानेला टेकते तिथं निळं आहे. भावाला दाखवलं, तोही म्हणाला निळंच.

मग तळ बघितला. तिथं खिळ्याने कोरलेली दोन नावं आहेत. वरचं मामांचं. खालचं आमच्या ओळखीचं नाही. पुढे एकच शब्द, ‘साचा’. आई म्हणते मामांकडे एक गृहस्थ यायचे, फार बोलायचे नाहीत, हाताला कायम पांढरं लागलेलं असायचं. तिला नाव आठवत नव्हतं. छायाचित्र दाखवलं तेव्हा आठवलं, तेच.

व्याजाचा पहिला हप्ता पुढच्या महिन्यात येतो. आई त्यांचा पत्ता शोधतेय. हयात असतील तर पहिलं मानधन त्यांना, जेवढे दिवस त्यांना बोलावंसं वाटेल तेवढ्या दिवसांचं. प्रबंधवाली, तुम्ही रविवारी येऊ शकाल का? तळ बघायला दोन माणसं लागतात, आणि अजून एकोणसाठ राहिलेत.